डाव्या खांद्याची रायफल

नंद्या, मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तुझ्याबद्दल सगळ्यांनी भरभरून लिहिलंय. मनमिळाऊ, हसतमुख, हाकेला धावणारा. मी एक अक्षर लिहिलं नाही. हसतमुख म्हणे! गेली तीन वर्षं तू माझ्यासमोर मनापासून हसला नाहीस, हे तिथं कोणाला सांगू? आणि का हसला नाहीस ते मला परवा मंगळवारी कळलं. तेव्हा तुला जाऊन बारा दिवस झाले होते.

म्हणून हे तुलाच लिहितोय. ग्रुपवर टाकण्यासारखं नाही, आणि तुझ्याशिवाय ह्यातलं कोणाला काही कळणारही नाही. शिव्या द्यायच्या असतील तर मधेमधे देत जा, मी थांबतो.

रायफलपासूनच सुरुवात करायला हवी. क्लेटनच्या त्या दोन खोल्यांच्या युनिटमध्ये आपण दोघं एका हीटरवर हिवाळा काढत होतो, तेव्हा कोणी म्हणालं असतं की सांगलीचा नंदू कुलकर्णी पुढे ऑस्ट्रेलियात सांबराच्या शिकारीला जाणार आहे, तर मी त्याला डॉक्टरकडे नेला असता. क्रेगीबर्नला घर घेतलंस, शेजारचा म्हातारा तुला एकदा डोंगरात घेऊन गेला, आणि तू बिघडलास. घरात वहिनीचं सोवळं, अंडंसुद्धा चालत नाही, म्हणून तुझा गॅस गॅरेजमध्ये, फ्रीज गॅरेजमध्ये, कांदा-लसणाचं वाटण करायचा मिक्सरसुद्धा गॅरेजमध्ये. सांबरं इंग्रजांनी आपल्याकडून इकडे आणून सोडली हे तुला कळलं, तेव्हा तू काय खूश झाला होतास! "अवि, ह्यांना बघ, इथं कायम राहायचा पीआर आपल्याआधी मिळालाय."

पण तू डावखुरा. लहानपणी प्रसादाला डावा हात पुढे केलास म्हणून चापट्या खाल्ल्यास, जेवायला-लिहायला उजवा शिकलास. बंदूक मात्र खांद्याला लागली ती डाव्याच. दुकानात मिळते ती प्रत्येक रायफल उजव्यांची, काडतूस भरायला ओढायची मूठ नेमकी उलट्या बाजूला. दहा वर्षं तू तशीच, हात आडवा टाकून चालवलीस. मग पंचावन्नाव्या वाढदिवसाला म्हणालास, "जन्मभर उजव्यांच्या जगात ॲडजस्ट केलं रे. आता एक वस्तू माझ्या मापाची पाहिजे." डाव्या हाताची यंत्रणा मिळाली, नवी नळी मिळाली. राहिला स्टॉक. म्हणजे दस्ता, ज्यात सगळं बसतं आणि जो खांद्याला टेकतो.

आणि तिथं आपलं भांडण जुंपलं.

तुला अक्रोडाचं लाकूड हवं होतं. तू ग्लेनच्या दुकानात, आपला गनस्मिथ ग्लेन, त्याच्या दुकानात भिंतीवरचा एक लाकडी स्टॉक हातात घेऊन असा उभा राहिलास की मला वाटलं आता ह्याला ओव्या सुचणार. "हात लावून बघ अवि, ऊब आहे ह्यात." मी म्हटलं, ऊब वहिनीच्या शालीत पण आहे. मी वीस वर्षं गाड्यांच्या पार्ट्ससाठी फायबर आणि रेझिनमध्ये हात घातलेला माणूस. माझ्यासमोर कोणी लाकडाचं कौतुक करायचं म्हणजे! लाकूड पावसात फुगतं, उन्हात आकसतं, आणि तू जातोस त्या डोंगरात एका दिवसात दोन्ही होतं. सिंथेटिक घे. तू म्हणालास, "मेलेलं प्लास्टिक आहे ते." मी म्हटलं, अक्रोडाचं झाड काय जिवंत असतं काय कापल्यावर?

तीन महिने दर शनिवारी आरव्होला, म्हणजे इकडच्या भाषेत दुपारी, आपण ग्लेनकडे. तो बिचारा कॉफी देऊन देऊन थकला. तू एकदा कुठूनतरी लाकडाची नक्षी छापलेला प्लास्टिकचा स्टॉक शोधून काढलास, तडजोड म्हणून. मी म्हणालो, हा तर फॉर्मायकाचा देव्हारा झाला, ठेव परत. मग एक स्वस्तातला नायलॉनचा निघाला. मी त्याचं पुढचं टोक अंगठ्याने दाबून दाखवलं, ते सरळ नळीला जाऊन चिकटलं. तुला दुकानात उभं करून लेक्चर दिलं मी. गोळी सुटते तेव्हा नळी थरथरते. तिच्या चहूबाजूंनी मोकळी फट पाहिजे. स्टॉक कुठंही तिला टेकला की संपलं, गोळी कुठेही जाईल. म्हणून ताठ पाहिजे, हाताने थर देऊन बांधलेला फायबरग्लास पाहिजे. तू ऐकत होतास, मान डोलवत होतास, आणि एक हात त्या अक्रोडावर.

शेवटी तू हरलास. म्हणजे मी तुला हरवला. राखाडी, हिरव्या ठिपक्यांचा फायबरग्लासचा स्टॉक आला, डाव्या गालाला टेकेल असा उंचवटा असलेला. ग्लेनने शिंप्यासारखं तुझ्या हाताचं माप घेतलं आणि मागून सव्वा इंच कापला, कारण तुझे हात आखूड. मी म्हणालो, बाळाचं झबलं शिवतोय ग्लेन. तू हसलास. बघ, तेव्हा हसायचास. धक्का शोषायला मागे जाड रबराची गादी मी निवडली, कारण हलकी रायफल जोरात लाथ मारते. पट्टा अडकवायच्या कड्या आवाज न करणाऱ्या. स्क्रू जातात तिथं आत ॲल्युमिनियमच्या नळ्या, आणि यंत्रणेच्या खाली रेझिनची बैठक, केसाएवढाही हलायला वाव नको म्हणून. फट बघायला ग्लेनने नळीखालून पाच डॉलरची नोट सरकवली. ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत लोण्यासारखी गेली. मी तुला म्हणालो, आता हे स्क्रू उघडायचे नाहीत. बैठक एकदा बसली की बसली. स्टॉकला हात लावलास तर तंगडी तोडीन.

तू पहिल्याच दिवशी रेंजवर तीन गोळ्या मारल्यास, तिन्ही एकमेकींना चिकटलेल्या. माझ्याकडे वळून म्हणालास, "जिंकलास प्लास्टिकवाल्या." इतका आनंद मला माझ्या स्वतःच्या कुठल्या डिझाइनचा झाला नव्हता, नंद्या. तुझ्या मापाची वस्तू, आणि ती मी निवडलेली.

मग खंडेनवमी आली.

भोसरीला कंपनीत होतो तेव्हा दर खंडेनवमीला आम्ही लेथपासून पान्यापर्यंत सगळ्याची पूजा करायचो. ती सवय मी इथंही सोडलेली नाही, माझा टूलबॉक्स दरवर्षी पाटावर असतो. त्या वर्षी मी हट्टच धरला, ह्या वेळी तुझी रायफल. तुझ्या गॅरेजमध्ये पाट मांडला, तू तिजोरीतून ती काढलीस, नीट तपासून रिकामी केलीस. हळद मी लावली. कुंकू मी लावलं. झेंडूची फुलं बनिंग्जच्या दुकानातून आणलेल्या कुंडीतली. आणि कुंकवाच्या ओल्या अक्षता. मी एक मूठ टाकली, मग आणखी एक. तू ओरडलास, "अरे बस कर, रायफलचं लग्न लावतोयस काय!" वहिनी दारात उभी राहून हसत होती. वाटीभर साखर वाटली आपण.

नंतर तू फडक्याने पुसलीस, हळदीचा एक डाग त्या राखाडीवर राहिला तो राहिलाच.

दोन आठवड्यांनी रेंजवर गेलो तर तुझी एक गोळी इकडे, एक तिकडे. चार बोटं, सहा बोटं. तू गोंधळलास. मी म्हणालो वारा असेल. मग म्हणालो काडतुसांची बॅच बदलली असेल. तू तेव्हा म्हणालास, अगदी हळू म्हणालास, "अवि, स्टॉक एकदा काढून बघू या का? मला आतमध्ये काहीतरी वाटतंय."

आणि मी नाही म्हणालो. नुसतं नाही म्हणालो नाही, चिडलो. तीन महिने डोकं घालून निवडलेला स्टॉक, आणि तुझं परत लाकूडपुराण! मी स्वतः ती मारून बघायला हवी होती. डाव्या हाताची होती म्हणून बघितली नाही, असं मी आजवर स्वतःला सांगत आलो. पण खांदा बदलून पाच गोळ्या मारायला काय झालं होतं मला? उलट तुलाच म्हणालो, चल रे, सांबर काय नाण्याएवढं असतं? जाऊ या.

मॅन्सफिल्डच्या पुढची ती दरी. दुपारचे दोन वाजले असतील. तो तरणा नर नेच्यांतून बाहेर आला आणि आडवा उभा राहिला, शंभर पावलांवर. तू किती वेळ घेतलास! श्वास सोडलास, थांबलास, मग गोळी. खांद्यामागे लागायची ती पार मागे पोटात लागली. तो कण्हला, आणि पळाला. मला तो आवाज अजून ऐकू येतो, तुला तर येतच असणार. आपण रक्ताच्या थेंबांमागे चार तास चाललो. ओढ्याशी थेंब संपले. तू पलीकडे जाऊन पुन्हा अलीकडे आलास, तीनदा पाण्यातून गेलास. मग एका ओंडक्यावर बसून रडलास. लहान मुलासारखा, आवाज करून. "माझ्यामुळे तो आता दोन दिवस मरत राहणार, अवि."

मी तुझ्या पाठीवर हात ठेवायला हवा होता.

परत येताना गाडीत तू म्हणालास, "मी नीट धरली होती रे. रायफलमध्येच काहीतरी आहे." आणि मी, प्लास्टिकवाला, मी गाडी चालवता चालवता तुला हिशोब मांडून दाखवला. लाकूड असतं तर म्हटलं असतं फुगलं. हा फायबरग्लास आहे. हा फुगत नाही, वाकत नाही, बदलत नाही. म्हणूनच आपण घेतला ना? मग ह्या सगळ्यात बदलणारी गोष्ट एकच उरते, ती म्हणजे तू. वय झालं नंद्या. हात हलतो तुझा.

तू तुझ्या डाव्या हाताकडे बघितलंस. मांडीवर ठेवला होतास, उताणा. पेट्रोल भरायला थांबलो तेव्हा म्हणालास, "असेल." बास. एवढंच. आपलं कुठलंही भांडण तू असं एका शब्दात सोडलं नव्हतंस. आणि मला काय वाटलं असेल? मला वाटलं, चला, पटलं एकदाचं.

त्यानंतर तू शिकारीला गेला नाहीस. मी विचारलं की गुडघ्याचं कारण, लेकीच्या, सईच्या बाळंतपणाचं कारण. तू माझ्याशी बोलायचास, यायचास, गणपतीत माझ्याकडे मोदक खायचास, पण काहीतरी आवरून ठेवलेलं असायचं. सईला मुलगा झाला, तुझा नातू. मी बघायला आलो तर तू सोफ्यावर टेकून बसलेला, मांडीवर दोन उश्या, बाजूला दोन उश्या, आणि म्हणतोयस, "आता द्या." मी थट्टा केली, काय रे, बाळ आहे की बॉम्ब? सगळे हसले. तू उशी सरळ करत राहिलास. आज त्या थट्टेची आठवण आली की तोंडात मारून घ्यावंसं वाटतं.

मग त्या गुरुवारी सकाळी वहिनीचा फोन. "भाऊजी, हे उठत नाहीयेत." मी क्रेगीबर्नला पोचेपर्यंत अँब्युलन्सवाले खाली मान घालून उभे होते. तुझा हात चादरीबाहेर होता. मी धरला, थंड होता, पण मी बराच वेळ सोडला नाही.

वहिनीकडे लायसन नाही, म्हणजे रायफल घरात ठेवता येणार नव्हती. पोलिसांना विचारून ती ग्लेनकडे जमा करायचं ठरलं. मंगळवारी मी घेऊन गेलो. ग्लेन जुना माणूस, त्याने आधी टोपी काढली. मग विकायच्या आधी तपासतात तशी तपासायला घेतली. खिशातून पाच डॉलरची नोट काढली आणि नळीखालून सरकवली. टोकापासून तीन बोटं आत गेली आणि अडली. त्याने दुसऱ्या बाजूने सरकवली, तिथंच अडली. मी म्हणालो, परत बघ. त्याने परत बघितलं. मग मला न विचारता स्क्रू काढायला लागला, आणि मी, स्क्रूला हात लावू न देणारा मी, नुसता उभा.

स्टॉक वेगळा झाला. पुढच्या टोकाशी, फटीच्या तळाला, एक दाणा चिकटून बसलेला. वाळलेला, लाल. ग्लेनने चिमट्याने काढून तळहातावर घेतला. "व्हॉट्स धिस, मेट? राइस?"

अक्षत होती, नंद्या. माझ्या मुठीतली.

नळी थरथरायची आणि दर वेळी त्या दाण्यावर आपटायची. ग्लेन म्हणाला, दॅट विल डू इट, एवढं पुरेसं आहे. स्टॉक परत बसवून तो रायफल मागच्या रेंजवर घेऊन गेला. तो उजवाच, तरी डाव्या खांद्याला लावून त्याने तीन गोळ्या मारल्या. कागद आणून माझ्यासमोर ठेवला. पन्नास सेंटचं एक नाणं तिन्हींना झाकेल. मी तिथं काउंटरला धरून रडलो. ग्लेनला वाटलं तुझ्या आठवणीने, त्याने माझा खांदा थोपटला, "ही वॉज अ गुड शॉट, युअर मेट." मी त्याला काय सांगणार? तांदळाला आम्ही अक्षता म्हणतो आणि माझ्या दोस्ताच्या रायफलचं भलं व्हावं म्हणून त्या मीच टाकल्या होत्या, हे कुठल्या इंग्रजीत सांगणार?

तिथून थेट तुझ्या घरी गेलो. गप्पच बसावं असं वाटेत मनात आलं होतं, खोटं नाही सांगत. तू गेलास, विषय संपला, वहिनीला कशाला त्रास. पण दार तिनेच उघडलं, आणि मी चपला न काढताच बोललो. "वहिनी, नंदूचा हात हलत नव्हता. चूक माझी होती." आणि मग सगळं सांगितलं, पूजेपासून.

ती उभ्या उभ्या ऐकत राहिली. मग गॅस बंद केला, आणि समोर बसली.

"भाऊजी, गेले त्याच्या आदल्या दिवशी ह्यांनी मला सुईत दोरा ओवून दिला. बाळाच्या दुपट्याला टाके घालत होते मी. ह्यांनी चष्मा न लावता ओवला, पहिल्या फटक्यात. गेली कित्येक वर्षं मला तेच ओवून देत होते. मी म्हटलं, अहो, कुठं हलतोय हात? उगीच उश्या काय मागता, घ्या की नातवाला उभ्याने, फिरवा अंगणात. तर म्हणाले, नको. अवि म्हणाला म्हणजे हलत असणार. त्याला कळतं."

तिने मला दोष दिला नाही रे. चहा पण दिला. आतल्या खोलीत बाळ रडायला लागलं तशी उठून गेली, आणि मी तिथं बसून राहिलो. सव्वा वर्षाचा झालाय तो. चालतो आता. तू त्याला एकदाही उभ्याने घेतलं नाहीस, आणि ते मी केलं. सांबर मी मारलं हाल हाल करून, आणि हेही मीच केलं.

नंद्या, अवि म्हणाला म्हणून? आयुष्यभर माझं एक ऐकलं नाहीस, घर कुठं घे ते ऐकलं नाहीस, कोलेस्टेरॉलच्या गोळ्या घे ते ऐकलं नाहीस, आणि नेमकं हे ऐकलंस? भांडायचं होतंस माझ्याशी. शिव्या द्यायच्या होत्यास. म्हणायचं होतंस, गेला खड्ड्यात तुझा फायबरग्लास, आण तो स्क्रूड्रायव्हर. दुसऱ्यांदा विचारायचं होतंस. मी उघडला असता रे स्टॉक.

नाही. तुझ्याशी तरी खोटं कशाला बोलू? दुसऱ्यांदा विचारलं असतंस तरी मी उघडला नसता. हे तुला तेव्हाच माहीत होतं, म्हणून तू "असेल" म्हणालास.